सांगड : भाड्याची जोडनाव व एका दिवसाची किनारी सैर

गेल्या माघ महिन्यांत पुण्यांतील आम्हां आठ-दहा मंडळींनीं मुंबई बंदरांत एक नाव दिवसभराच्या भाड्यानें घेतली व खांदेरी-उंदेरीच्या बाजूस सैर केली. नाव जुन्या चालीची नव्हती. दोन अरुंद लांबट नावा एकमेकींपासून कांहीं अंतरावर समांतर ठेवून त्यांवर एकच तक्तपोशी जडविलेली. वर बसावयास गाद्या, उन्हास छत, खालीं विश्रांतीच्या लहान कोठड्या आणि शिडाच्या जोडीस यंत्र, असा सगळा थाट होता. मुंबईस या जातीच्या नावेस 'कॅटमरान' म्हणतात, आणि हौशी लोक वाढदिवस, वाङ्‌निश्चय किंवा नुसती सुटी अशा निमित्तानें ती तासांच्या अगर दिवसाच्या बोलीनें घेतात. आमचें निमित्त एवढेंच कीं, शके १६०१ त (इ. स. १६७९) ज्या पाण्यांत इंग्रजांची व शिवछत्रपतींच्या आरमाराची गांठ पडली तें पाणी एकदां पाण्यावरूनच पाहावें. तें पाहिलें. परंतु परत येतांना हातीं लागलें तें खांदेरीविषयीं फारसें नसून ज्या नावेंत आम्ही बसलों होतों तिच्याविषयीं होतें, आणि तेंच वाचकांपुढें ठेवीत आहों.

झालें असें. मुंबई मागें पडल्यावर आमच्यांतील एक वृद्ध स्नेही, ज्यांचा सारा जन्म मोडी रुमाल सोडण्या-बांधण्यांत गेला, ते कठड्याशीं उभे राहून दोन नावांमधून धांवणारें पाणी पाहात होते. ते सहज म्हणाले, "दोन होड्यांची सांगड बरीक नामी घातली आहे." आम्हीं माना डोलविल्या व गोष्टी पुढें चालल्या. रात्रीं बोरघाट चढतांना तें वाक्य पुन्हां आठवलें, आणि मग लक्षांत आलें कीं, स्नेह्यांनीं अलंकारिक भाषण केलें असें आम्ही समजलों तें चुकलें. त्यांनीं त्या वस्तूचें नांवच घेतलें होतें, आणि तें त्यांच्याही ध्यानांत नव्हतें.

आजच्या मराठींत सांगड म्हटली कीं दोन न जुळणाऱ्या गोष्टींचा मेळ एवढाच अर्थ मनांत येतो. विद्या व व्यवहार यांची सांगड, आय व व्यय यांची सांगड, असें आपण लिहितों. मोल्सवर्थच्या कोशांत मात्र (पहिली आवृत्ति १८३१, वाढविलेली दुसरी १८५७) हा शब्द पाण्यावरचा आहे : दोन होड्या अगर नावा एकत्र बांधून केलेलें तरण्याचें साधन, त्याचप्रमाणें पोहणारानें आधारास घ्यावयाची दोन भोपळ्यांची किंवा वारा भरलेल्या दोन कातड्यांची जोडी. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तरी शब्द ओला होता. तो पुढें सुकला.

याच्याही मागें सुमारें साडेपांचशें वर्षें जावें तर ज्ञानेश्वरी आहे (शके १२१२). सातव्या अध्यायांतील मायानदीच्या रूपकांत, ती नदी तरून जाऊं पाहणारे जे नाना प्रकारचे लोक ज्ञानदेवांनीं उभे केले आहेत, त्यांत कोणी तिन्ही वेदांच्या सांगडी घेऊन निघाले, पण बरोबर अहंभावाचा धोंडाही घेतला, आणि अखेर मदरूपी माशाच्या तोंडीं गेले, असें वर्णन आहे. टीकाकार येथें वेदाभिमानावर बोलतात व तें योग्यच आहे. आम्हांस मात्र येथें सिद्धान्तापेक्षां सामान मोलाचें वाटतें. ज्या श्रोत्यांपुढें हें निरूपण झालें ते गोदावरीच्या कांठचे. सांगड म्हणजे काय हें त्यांस समजावून सांगावें लागलें नाहीं. रूपकांत घरगुती वस्तूच चालते. जी वस्तु ऐकणाराच्या हाताखालून गेलेली नाहीं तिचें रूपक कोणी करीत नाहीं.

शब्दाचें मूळ संस्कृत 'संघाट', म्हणजे एकत्र जोडलेल्या लांकडांचा समूह, यांत आहे. प्राकृतांत त्याचें 'संघाड' होतें, आणि या रूपानें तो एका विलक्षण ठिकाणीं भेटतो. 'अंगविज्जा' हा प्राकृत ग्रंथ मुनि पुण्यविजयजींनीं संपादून १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथ शकुन-लक्षणांचा, पण त्यांत त्या काळच्या वस्त्रांच्या, भांड्यांच्या, दागिन्यांच्या व वाहनांच्या याद्या कोठारांत धान्य भरावें तशा भरल्या आहेत. काळ सामान्यतः इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुमाराचा मानितात. जलयानांच्या यादींत नाव व पोत हीं मोठीं. त्यांच्या मागोमाग कोट्टिंब, संघाड, प्लव व तप्पक. आणि अगदीं शेवटीं तुंब व कुंभ, म्हणजे भोपळा व घडा. मोल्सवर्थनें सांगडीच्या पोटांत ज्या दोन वस्तु सांगितल्या, जोडलेल्या होड्या व जोडलेले भोपळे, त्या दोन्ही येथें एकाच यादींत उतरंडीनें मांडलेल्या आहेत.

या नांवांचा पेरिप्लसशीं संबंध डॉ. मोतीचंद्र यांनीं दाखविला. पेरिप्लस हा इसवीच्या पहिल्या शतकांतील ग्रीक भाषेंतील समुद्रमार्गाचा वृत्तान्त. कल्याण, चौल, पैठण व तेर यांचा उल्लेख त्यांत असल्यामुळें महाराष्ट्राच्या अभ्यासकास तो परिचित आहे. भडोचच्या मुखाशीं येणाऱ्या परकी जहाजांस वाट दाखविण्याकरितां राजाचे लोक ज्या मोठ्या नावांतून सामोरे जात त्यांचीं नांवें त्यानें 'त्रप्पग' व 'कोटिंब' अशीं दिलीं आहेत. पुढें पूर्व किनाऱ्याच्या वर्णनांत एकसंध लांकडें बांधून केलेल्या फार मोठ्या नावांस 'संगर' म्हणतात असें तो सांगतो. तप्पक व त्रप्पग, कोट्टिंब व कोटिंब, संघाड व संगर, या तीन जोड्या योगायोगानें जुळत नाहींत. तथापि एक मर्यादा येथेंच घालणें अवश्य आहे. पेरिप्लसकारानें संगर सांगितलें तें चोळमंडळाच्या किनाऱ्यावर. तेव्हां दोन हजार वर्षांपूर्वीं कोंकणांत सांगडी धांवत होत्या असें एवढ्या आधारावर कोणी लिहूं लागेल तर त्यास आम्ही साथ देणार नाहीं. सिद्ध होतें तें इतकेंच कीं, बांधून जोडलेल्या नावेस हा शब्द दक्षिणोत्तर चालत होता, आणि मराठीनें तो तेव्हांपासूनच्या वारशानें घेतला आहे.

आतां 'कॅटमरान'. हा शब्द तमिळ. 'कट्टु' म्हणजे बांधणें व 'मरम्' म्हणजे लांकूड. कट्टुमरम् म्हणजे बांधलेलीं लांकडें. चोळमंडळाच्या कोळ्यांचा तो तराफा. तीन-चार ओंडके दोरांनीं आवळून बांधलेले, त्यावर एक-दोन माणसें गुडघ्यांवर बसून वल्हविणार, लाट अंगावरून जाणार. विल्यम डँपियर या इंग्रज खलाशानें १६९७ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत त्याचें वर्णन केल्यापासून तो शब्द इंग्रजींत रुळला. परंतु या तराफ्यास दोन अंगें नाहींत, मधें पाणी वाहत नाहीं, तक्तपोशी नाहीं. दोन नावा जोडून त्यांवर फळ्या घालण्याची मोठी विद्या होती ती प्रशांत महासागरांतील बेटांवर, आणि कॅप्टन कुकच्या सफरींपासून ती युरोपास नीट कळली. युरोपांतही तत्पूर्वीं एकानें हा उद्योग केला होता : सर विल्यम पेटी, ज्यास अर्थशास्त्राचे अभ्यासक ओळखतात, त्यानें १६६२ त डब्लिन येथें दोन तळांची नाव बांधिली. लोकांनीं तिची थट्टा केली. पुढें १८७६ त अमेरिकेंत नाथानेल हेरेशॉफ यानें 'अमरिलिस' नांवाची अशी नाव शर्यतींत उतरवून बाकीच्या सर्व मागें टाकिल्या, आणि बक्षिसाच्या ठिकाणीं तिला पुढील शर्यतींची बंदी मिळाली. १९४७ सालीं हवाई बेटांत 'मनु काई' ही नवी जोडनाव तयार झाली, आणि आजच्या हौशी जोडनावांची परंपरा तिच्याशीं पोंचते. अशा रीतीनें वस्तु बेटांची, नांव तमिळ कोळ्याच्या तराफ्याचें, आणि लावणारा इंग्रज. मराठी माणूस ही उसनवारी आणखी एका हातानें उसनी घेतो व बंदरावरच्या पावतीवर 'कॅटमरान' लिहितो. घरांत सांगड पडलेली असून.

शब्दाच्या या प्रवासांतील एक पान मनोरंजक आहे. मलबारांत संघाटाचें 'चंगाडम्' झालें व तुळूंत 'जंगाल', म्हणजे जोडहोडी. पोर्तुगीज लोक पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलबारांत आले व त्यांनीं तो शब्द 'जंगाद' असा उचलला व अटलांटिकपार नेला. ब्राझिलच्या ईशान्य किनाऱ्यावरील कोळ्यांचा शिडाचा तराफा आजही 'जंगाद' म्हणूनच ओळखला जातो. केरळांत दोन नावा जोडून वर फळ्यांचा मंच करून मोटारी पलीकडे नेणाऱ्या तरीस 'जंकार' म्हणतात. येथवर सर्व सर्वमान्य आहे. यापुढचें विधान आमचें आहे व त्याचा दोष आमच्याच माथीं असावा. रायगड-रत्नागिरीच्या खाड्यांवर, दिघी-आगरदांडा, वेश्वी-बाणकोट वगैरे ठिकाणीं, माणसें व मोटारी पार करणाऱ्या सपाट नावेस लोक 'जंगलजेटी' म्हणतात. वृत्तपत्रेंही तसेंच छापतात. तेथें जंगलाचा कांहीं संबंध नाहीं, आणि जेटी म्हणजे धक्का, नाव नव्हे. 'जंगल' हा 'जंगाल'-'जंकार' यांचाच अपभ्रंश असावा. दक्षिणेकडील नावेबरोबर तिचें नांव आलें, कानास परकें वाटलें, आणि जिभेनें त्यास ओळखीच्या शब्दाचा वेष दिला, असें आम्हांस वाटतें. हें खरें असेल तर पेरिप्लसमधील संगर व ज्ञानदेवांची सांगड यांची चुलतबहीण आज बाणकोटच्या खाडींत मोटारी वाहत आहे आणि तिच्या नात्याची कोणास शुद्धि नाहीं.

सांगडीचा उपयोग काय, हें आम्हांस त्या दिवशीं अंगावर कळलें. झाडाच्या खोडास जेवढी रुंदी तेवढीच डोणीस रुंदी. खोड कोरून केलेली नाव लांब होते पण रुंद होत नाहीं, आणि अरुंद नाव कलंडते. दोन जोडल्या कीं रुंदी विकत न घेतां मिळते. शिवाय भाराचें दगड-निरम पोटांत घालावें लागत नाहीं, त्यामुळें नाव पाण्यांत फार खोल बसत नाहीं व उथळ खाडींत शिरते. रत्नागिरी-मालवणच्या बाजूस होडीच्या एका अंगास दूरवर लांकूड बांधून तिचा तोल राखितात त्यास 'उलांडी' म्हणतात. ती या सांगडीची अर्धी बहीण. जेम्स हॉर्नेल यानें १९२० सालीं हिंदी नावांच्या घडणीवर जो निबंध प्रसिद्ध केला त्यांत उलांडीचा संबंध थेट प्रशांत महासागराच्या बेटांशीं जोडिला आहे. हॉर्नेलचें सर्वच अनुमान पटण्यासारखें नाहीं, पण नावा मोजून, मापून व त्यांचीं चित्रें काढून त्यानें जें काम केलें तसें आपल्याकडे कोणीं केलें नाहीं हें कबूल केलें पाहिजे. लांकडाविषयीं मात्र आपल्याकडे उत्तम साधन आहे. अठराव्या शतकाच्या आरंभींच्या आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्यांनीं आरमाराकरितां सागवान वगैरे कोणत्या रीतीनें तोडावें हें सांगून, आंबा-फणसासारख्या झाडांस रयतेच्या राजीखुषीशिवाय हात लावूं नये, कारण तीं वर्षा-दोन वर्षांनीं होत नसतात, असें बजाविलें आहे. आंब्याचें एक थोर खोड म्हणजे एक होडी. सांगडीस दोन लागतात. ज्या काळीं झाडाच्या मालकाची मर्जी राखणें राजाज्ञा होती त्या काळीं सांगड ही फार स्वस्त वस्तु नसावी.

सांगडीसंबंधीं इतकें. आतां भाड्याची सैर.

पेशवाईंत पुण्याहून मुंबईस जाणें म्हणजे बोरघाट उतरून, नाना फडणिसांनीं जेथें तळें व महादेवाचें देऊळ बांधविलें त्या खोपोलीवरून पनवेल गांठणें, आणि तेथें भरती पाहून नाव भाड्यानें करणें. नाव भाड्यानें घेणें ही चैन नव्हती, तो रस्त्याचा शेवटचा टप्पा होता. १७८६ त मॅलेट रेसिडेंट होऊन पुण्यास आल्यावर मुठा-मुळेच्या संगमावर इंग्रजांचा बंगला झाला, आणि त्या बंगल्याकडे येणाऱ्या साहेब लोकांची या वाटेवर ये-जा वाढली. लॉर्ड व्हॅलेंशिया १८०४ त, मारिया ग्रॅहॅम बाई १८०९ त, बिशप हेबर १८२५ त, असे तिघे मुंबईहून पुण्यास आले व तिघांनींही प्रवासवर्णनें छापलीं. १० नोव्हेंबर १८३० रोजीं गव्हर्नर माल्कम यानें बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. १८५८ त खंडाळा-पुणें लोहमार्ग व १८६३ त घाटांतील लोहमार्ग पुरा झाला. तेव्हांपासून पनवेलची नाव पुणेकराच्या आयुष्यांतून गेली. आमच्या मतें समुद्राशीं पुण्याचें नातें तुटलें तें पेशवाई बुडाली तेव्हां नव्हे, आगगाडी आली तेव्हां.

पण नाव जशी वाट होती तशी ती करमणूकही होऊं लागली होती, आणि तिचें ठिकाण घारापुरी. मुंबईपासून घारापुरी तीन-चार कोसांच्या आंत; सकाळीं निघावें, लेणीं पाहावीं, झाडाखालीं जेवावें, दिवेलागणीस परत यावें. यासाठीं जी नाव भाड्यानें मिळे तिला इंग्रज लोक 'बंदर बोट' म्हणत. हेबरनें तीस दोन डोलकाठ्या व दोन तिरकीं शिडें असल्याचें लिहिलें आहे. मधें बसावयास एक कोठडी असे. आज त्याच पाण्यांत गाद्या घातलेल्या जोडनावा फिरतात त्यांची ही खरी आजी. गार्सिया द ओर्ता या गोंव्याच्या पोर्तुगीज वैद्यानें आपल्या १५६३ च्या ग्रंथांत घारापुरीचा उल्लेख केला आहे. म्हणजे लेणीं पाहण्यास नावेंतून जाण्याची हौस इंग्रजांहून जुनी. ज्या दगडी हत्तीवरून फिरंग्यांनीं बेटास 'एलिफंटा' म्हटलें त्याचें डोकें व मान १८१४ त गळून पडली, आणि उरलेले तुकडे १८६४ त मुंबईस हलविले. हल्लीं तो हत्ती भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयापाशीं जुळवून उभा केलेला आहे. १८७५ त विलायतचे युवराज आले तेव्हां त्यांची मेजवानी खुद्द लेण्यांतच झाली. महादेवापुढें तें अन्न कसलें होतें याची चौकशी न करणेंच बरें.

या एकदिवसीय सैरीचें गणित घड्याळाचें नव्हे, वाऱ्याचें होतें. पहांटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो; तो नावेस बाहेर नेतो. दोन प्रहर टळले कीं समुद्राकडून खारा वारा सुटतो. तो घरीं आणितो. मधला वेळ बेटाचा. भरती-ओहोटी याहून निराळ्या चालीनें चालते, आणि दोहोंचा मेळ ज्या दिवशीं बसेल तो दिवस तांडेल ठरवी. आजच्या यंत्राच्या नावेस वाऱ्याची भीड नाहीं. तरी आमच्या तांडेलानें सकाळीं सातचा ठोका चुकवूं नका म्हणून तीनदां बजाविलें, आणि दुपारीं परततांना यंत्र बंद करून नुसत्या शिडावर अर्धा तास चालविलें तेव्हां खाऱ्या वाऱ्यानेंच आम्हांस मुंबईकडे लोटलें. पर्जन्यकाळीं हें सर्व बंद. नारळी पौर्णिमेस दर्या शांत झाला असें मानण्याची चाल धर्माची तशीच व्यवहाराचीही आहे. १७ जुलै १९४७ रोजीं, ऐन आषाढी अमावास्येस, मुंबईहून रेवसास निघालेली 'रामदास' आगबोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आजही मांडव्याच्या बऱ्याच नावा मे अखेरीपासून भाद्रपदाच्या सुमारापर्यंत बंद असतात.

येथें एक आक्षेप सरळच येईल : हीं सर्व साहेब लोकांचीं सुखें, मराठ्यांनीं केवळ मौजेखातर नाव भाड्यानें घेतली याचा पुरावा कोठें आहे? आक्षेप योग्य आहे. आमच्या इतिहासांतील गाजलेल्या सागरी सफरी मौजेच्या नाहींत. फेब्रुवारी १६६५ त शिवछत्रपति ८५ गलबतें व ३ मोठीं जहाजें घेऊन मालवणाहून निघाले ते बसरूर लुटण्यास. परततांना गोकर्णास शिवरात्रीचें स्नान घडलें हा लाभ निराळा. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरची लढाई हरल्यावर दुसरे बाजीराव महाडास गेले, तेथून किनाऱ्याकिनाऱ्यानें वसईस पोंचले, आणि ३१ डिसेंबरास तो तह झाला. पेशव्यांच्या घराण्यांतील हीच समुद्रयात्रा प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे, आणि ती पळ काढण्याची आहे. पुण्यांत जलविहार होता तो पर्वतीच्या पायथ्याच्या तळ्यांत. नानासाहेबांनीं तें तळें करविलें, मधें बेट ठेविलें, आणि त्या बेटावर १७८४ त सवाई माधवरावांच्या वेळीं गणपति बसला. तळें पुढें बुजविलें. बेटाची सारसबाग झाली. तळ्यांतील नावेंत हबशी नावाडी ठेवीत, कां कीं त्यांस मराठी कळत नसे व मसलती फुटत नसत, अशी एक आख्यायिका पुण्यांत सांगतात. आख्यायिका चतुर आहे. अस्सल कागद पुढें येईपर्यंत ती इतिहासांत घेऊं नये. इंग्रजी अमदानींत बंडावर १८६८ त साहेबांचा बोट क्लब निघाला, तो नदीपुरता.

तरी पुरावा नाहीं म्हणून गोष्ट नव्हती असें आम्ही म्हणणार नाहीं, कारण पुरावा कोणत्या प्रकारच्या कागदांत असावयाचा हें पाहिलें पाहिजे. मौजेच्या नावेविषयीं कोणी खलिता लिहीत नाहीं. ती सांपडली तर किरकोळ हिशेबांत सांपडेल : तारीख, नावाड्याचें नांव, भाडें, खलाशांस पोटगी, भरतीची खोटी झाली तर वाढीव आणे. आणि किरकोळ हिशेब हेंच आपल्या संग्राहकांचें नावडतें मूल आहे. शिक्कामोर्तब असलेलें पत्र मखमलीवर ठेवितात, आणि त्याच रुमालांतील खर्चाचे तुकडे रद्दींत जातात. कोंकणांतील एका खोताच्या घरीं आमच्या डोळ्यांदेखत असे तुकडे बंबांत गेले. घरधन्याचा दोष नाहीं. त्यास पूर्वीं येऊन गेलेल्या कोणा जाणत्यानेंच "यांत कांहीं नाहीं" असें सांगून ठेविलें होतें. त्या तुकड्यांपैकीं एकावर 'नाव' हें अक्षर आम्हांस ओझरतें दिसलें. जुन्या मोडींत अनुस्वार देत नसत. तें 'नांव' असेल किंवा 'नाव' असेल, आतां दोन्ही सारखींच.

खांदेरीविषयीं अगदींच न लिहिणें बरें नव्हे. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारी माणसें व सामान घेऊन बेटावर उतरला व तटाचें काम चालू झालें. इंग्रजांनीं नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबर रोजीं दौलतखान सुमारें ६० गलबतें घेऊन त्यांच्यावर आला. इंग्रजांचें 'डव्ह' गुराब सांपडलें, आणि कॅप्टन केग्विनच्या 'रिव्हेंज'नें झुंज टिकविली म्हणून पुरा मोड झाला नाहीं. परंतु इंग्रजांच्या पत्रांतून खरी तक्रार दिसते ती त्या दिवसाविषयीं नव्हे. रात्रीच्या अंधारांत मराठ्यांच्या लहान, उथळ नावा नागांव-थळच्या बाजूनें निघून बेटावर दाणा-सामान पोंचवीत, आणि खोल तळाच्या इंग्रजी जहाजांस त्यांचा पाठलाग करतां येत नसे. जानेवारी १६८० त सिद्दीनें शेजारची उंदेरी बळकाविली. थळ व बेटें यांच्या मधल्या पट्ट्यांत आम्ही गेलों तेव्हां तांडेलानें वेग कमी केला व खोली दाखविणारें यंत्र आम्हांस दाखविलें; मोठें जहाज येथें येणार नाहीं, ही येते, कारण हिला तळ थोडा, असें तो म्हणाला. केग्विनचें गाऱ्हाणें इतक्या स्पष्टपणें कोणत्याही ग्रंथांत आम्हांस कळलें नव्हतें. जुलै २०२५ त मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशांत स्थान मिळालें त्यांत खांदेरी आहे. तेव्हांपासून त्या बेटाकडे वळणारे हौशी वाढतील, व त्यांतील बरेच जोडनावा भाड्यानें घेतील. त्यांस येवढीच सूचना कीं, बेट पाहून झाल्यावर थळकडचें पाणीही पाहावें. इतिहास तटाइतकाच तेथें आहे.

यावरून वाचकांस तीन विनंत्या आहेत. ज्यांच्या संग्रहीं पनवेल, उरण, रेवदंडा, बाणकोट, दाभोळ इकडील खर्चाच्या याद्या असतील त्यांनीं 'तर', 'तरीचा मक्ता', 'नावभाडें', 'उतारू' हे शब्द ज्यांत आहेत असे तुकडे, ते कितीही क्षुल्लक दिसोत, वेगळे काढून त्यांची नक्कल मंडळाकडे धाडावी. 'सांगड' हा शब्द नावेच्या अर्थानें एकाही मोडी कागदांत कोणास आढळल्यास तारीख व ठिकाण यांसह कळवावें. नदीकांठच्या लष्करी हिशेबांत, फौज पार करण्याच्या खर्चांत, तो असण्याचा संभव अधिक. आणि जंगलजेटीवर काम करणाऱ्या वृद्ध माणसांपैकीं कोणास ती नाव प्रथम कोठून आली व तेव्हां तिला काय म्हणत हें स्मरत असेल तर तें त्याच्याच शब्दांत, न सुधारतां, लिहून घ्यावें. आमच्या सैरीची पावती आम्हीं मोडली नाहीं. तीवर छापील अक्षरांत 'कॅटमरान, पूर्ण दिवस' असें आहे. खालीं आमच्या वृद्ध स्नेह्यांनीं शिसपेन्सिलीनें मोडींत 'सांगड' लिहिलें व तिथि घातली, आणि ती किरकोळ हिशेबांच्या रुमालांत ठेविली आहे.